व्याह्यांना पाजलेलं सरबत

तोताराम नानांनी पावडरचं पाकीट पातेलंभर पाण्यात विरघळवलं आणि फोनवर दर पंधरा मिनिटांचा गजर लावला. उद्या सकाळी जळगावला त्यांची कोलोनोस्कोपी होती. दोन महिने शौचाला रक्त पडत होतं. "दुर्बिणीनं आतडं आतून बघू," डॉक्टरांनी समजावलं होतं. "गाठ दिसली तर लहान आहे तोवर काढता येते. तशीच ठेवली तर एखादीचा पुढे कॅन्सर होतो. फक्त आदल्या दिवशी ही पावडर पिऊन आतडं स्वच्छ करा." त्यातला 'कॅन्सर' हा एकच शब्द नानांनी आपल्या गावी, असोद्यापर्यंत आणला, तोही मनातल्या मनात. घरात फक्त बायकोला, शेवंताबाईंना, ठाऊक होतं. सुनेला, कामिनीला, पित्ताचं औषध म्हणून सांगितलं होतं.

पहिला ग्लास तोंडाला लावतात तोच दारात कामिनीचे वडील उभे! बोदवडचे गिरधरराव, म्हणजे नानांचे व्याही. लग्नात त्यांना थंड चहा मिळाला होता आणि चार वर्षं झाली तरी ते ती गोष्ट विसरले नव्हते. घरातल्या दोघी शेजारी पापड लाटायला गेलेल्या. चहा-साखरेचे डबे कुठे असतात, हे नानांनी पस्तीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

"काय पिऊ राह्यले नाना?"

"सरबत... लिंबाचं," नाना बोलून बसले.

"मंग मले नही देत का?"

व्याह्यांनी तोंडानं मागितलेलं नाकारायची काय टाप! नानांनी भीतभीत अर्धा ग्लास दिला.

"अर्धाच? आमी काय परके हाओत का?"

नानांनी तो काठोकाठ भरला.

"मीठ जरा जास्त पडलं," गिरधरराव मोठ्या मनानं म्हणाले. इतक्यात गजर वाजला. नानांना दुसरा ग्लास घेणं भाग होतं. यजमान पितोय आणि आपण नुसते बसलो, तर सरबत आवडलं नाही असं वाटेल, म्हणून गिरधररावांनीही दुसरा घेतला. अशा रीतीनं दोघांनी एकमेकांचा मान राखत तीन-तीन ग्लास रिचवले.

मग केळीच्या भावाबद्दल बोलता बोलता गिरधरराव एकदम थांबले.

"नाना, तुमचं ते... कुठी हाये?"

"अंगनात. डाव्या हाताले."

ते जेमतेम आत गेले आणि नानांच्याही पोटात गुडगुडलं.

"याही, झालं का?"

"आत्ता तं आलो!"

पुढचा तासभर त्या एका दरवाजाला उसंत नव्हती. एवढ्या घाईतही "पहिले तुमी", "नही नही, पाहुने पहिले" असा आग्रह चालूच होता. बोदवडची गाडी केव्हाच निघून गेली.

शेवटी गिरधरराव घाम पुसत ओट्यावर टेकले. "खरं सांगा नाना. काय व्हतं त्याच्यात?"

नाना त्यांच्याशेजारी टेकले. "औषध व्हतं याही. उद्या आतड्याची तपासनी हाये. रगत पडते. डॉक्टर म्हने, कॅन्सर बी असू शकते. मले सांगाले लाज वाटली. लय भ्या वाटू राह्यलं." आता हे सोयरीक मोडणार, लेकीला माहेरी घेऊन जाणार, अशा धास्तीनं ते खाली मान घालून बसले.

गिरधररावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "रोज पडते का?"

"एक दिवसाआड."

"माह्यं रोज पडते. दिवाळीपासून. कामिनीले सांगू नका."

"सांगायला नकोच," मागून आवाज आला. पापडांचं सूप घेऊन कामिनी उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. "दोघंच्या दोघं! कमाल आहे तुमची." तिनं तिथूनच नवऱ्याला, योगराजला, फोन करून नवं पाकीट आणायला सांगितलं. मग दवाखान्यात फोन लावून वडिलांचंही नाव लिहायला लावलं.

दुसऱ्या दिवशी नानांच्या आतड्यात दोन लहान गाठी निघाल्या आणि तिथल्या तिथे काढल्या. आठवड्यानं रिपोर्ट आला, त्यात कॅन्सर नव्हता. तो वाचून शेवंताबाई रडल्या आणि नानांनी त्यांना कधी नव्हे तो पाण्याचा ग्लास आणून दिला.

गिरधररावांची गाठ मोठी होती, पण तीही निघाली. रिपोर्ट हातात देताना डॉक्टर जरा रागावलेच. "कॅन्सर नाही, पण अगदी वेळेवर आलात. दिवाळीपासून गप्प होतात, मग एकदम तपासायला कसे तयार झालात?"

शेजारी उभ्या नानांचा हात गिरधररावांनी घट्ट धरला होता.

"लाज व्हती साहेब. ती सारी याह्याच्या अंगनात संपली."