सशाचे न जाळणे

एका जंगलात पाचशे एकर ऊस होता. जंगलात ऊस कुठून आला, असे विचारू नका बाळांनो. जंगल कुठे गेले, ते विचारा.

ऊस हत्तीचा होता. तोडणी झाली की हत्ती पाचट पेटवून द्यायचा. वाळका पाला गोळा करत कोण बसतो? मग आठ दिवस कुणाला आभाळ दिसत नसे.

बांधाला लागून भुरू सशाचा अर्धा एकर ऊस होता. भुरू पाचट जाळत नसे. सऱ्यांमध्ये पसरून कुजवायचा. त्याखाली ओल टिकते, एवढे त्याला ठाऊक होते. बांधात त्याचे बीळ होते आणि बिळात चार पिल्ले.

पुढे पाऊस लांबू लागला, तळी आटली. सिंहाने फर्मान काढले, धूर कमी करा. हत्तीने लगेच सल्लागार नेमला, बगळा. तो एका पायावर उभा राहायचा, म्हणून विद्वान समजला जाई.

बगळा भुरूकडे आला. "भुरूशेठ, तुम्ही पाचट जाळत नाही म्हणे."

"नाही साहेब. जमीन भाजते."

"मग तुमचं हे न जाळणं हत्तीमहाराजांच्या नावावर करा."

"न जाळणं नावावर करता येतं?"

"आता येतं."

"म्हणजे मी जाळायचं?"

"छे. तुम्ही जाळायचं नाहीच. फक्त ते न जाळणं तुमचं नसेल, त्यांचं असेल."

"आणि ते?"

"ते जाळतील. पण तुम्ही जाळत नाही ना, म्हणून ते जाळण्यात धरलं जाणार नाही."

बिळातून भुरूची बायको रुपी म्हणाली, "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? वारा त्यांच्याकडून आपल्याकडे वाहतो."

बगळ्याने पंखाखालून एक पाटी काढली. 'हवामानमित्र शेतकरी.' भुरूचे कान ताठ झाले. आजवर त्याला कुणी साधे शेतकरीसुद्धा म्हटले नव्हते. त्याने करारावर पंजा उमटवला.

तोडणी झाली. पूर्वी हत्ती निदान बांधाजवळच्या चार सऱ्या सोडून पेटवायचा. आता सोंडेत कागद होता. त्याने अगदी कडेपर्यंत पेटवले. ठिणग्या बांध ओलांडून आल्या आणि भुरूने जपून पसरलेल्या पाचटावर पडल्या. बघता बघता अर्धा एकर काळा झाला. रुपीने एकेक पिल्लू मानेला धरून ओढ्यात नेले. पिल्ले वाचली. बीळ गेले.

दुसऱ्या दिवशी बगळा आला. भुरूला वाटले, विचारपूस करायला आला.

"तुमच्या शेतातून धूर निघाला," बगळा म्हणाला. "करारात बसत नाही."

"साहेब, आग त्यांची होती."

"त्यांची आग करारात आहे. तुमची नाही."

रुपी म्हणाली, "मग आमची पिल्लं तरी करारात आहेत का?"

बगळ्याने कागद उलटून पाहिला. नव्हती.

सिंहाच्या दरबारात निकाल लागला. त्या वर्षी जंगलात झालेला सगळा धूर सशाचा ठरला. हत्तीला धूरमुक्त शेतीचे मानपत्र मिळाले. भुरूची जमीन, तिची नीट निगा राखली जावी म्हणून, हत्तीकडे सोपवण्यात आली.

तात्पर्य : बाळांनो, शेतात आग कधी लावू नका. लावायचीच वेळ आली, तर पाचशे एकरांना लावा. हवामान बिघडते ते अर्ध्या एकराच्या धुराने.