बायकोशी जुळणारं नाव

लग्नात ताटातल्या तांदळावर निनादने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, 'इको', आणि तेव्हापासून माझ्याशी कोणीही बोललं की त्याचा शेवटचा शब्द तेवढा माझ्या तोंडून येऊ लागला.

नाव माझ्या नणंदेने, केतकीने, सुचवलं होतं. दादा निनाद, तर वहिनी इको. शिवाय 'बायको'शी यमक जुळतं. अर्थ मागाहून सापडला. इको ही ग्रीक पुराणातली वनदेवी. फार बोलते म्हणून देवांच्या राणीने तिला शाप दिला, की यापुढे दुसऱ्याचेच शेवटचे शब्द बोलशील.

"फार बोलायची म्हणे! तू काही तशी नाहीस," सासूबाई म्हणाल्या.

"नाहीस," मी म्हणाले.

हे नक्की कोणाबद्दल, यावर त्या बराच वेळ विचार करत राहिल्या.

सासरे खूश होते. सून उलट बोलत नव्हती. सासूबाईंनी "चहा टाकतेस का?" विचारलं की मात्र मी "का?" म्हणायचे. निनाद आठवडाभर स्वतःशीच बोलून कंटाळला.

मग नवं नाव पक्कं करायला आम्ही घरचे सगळे नोंदणी कार्यालयात गेलो. तिथे लागलेलं नाव पुन्हा बदलत नाही. मला माझं मालविका परत हवं होतं, पण सासरी ते कोणी उच्चारतच नव्हतं.

साहेबांनी चष्मा पुसला. "इको हे नाव मान्य आहे?"

"आहे."

निनाद माझ्याकडे वळला. "खरं सांग. आहे की नाही?"

"नाही."

"अहो बाई, मग आधीचं ठेवायचं की नको?" साहेब म्हणाले.

"नको."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि निनादला म्हणाले, "अशा वेळी नियम एकच. तुम्ही उखाण्यात नाव घ्यायचं. त्या जे म्हणतील ते कायम."

"दादा, बायको, इको!" केतकी मागून कुजबुजली. "सोप्पंय रे!"

निनादने घसा खाकरला. माझ्याकडे बघत म्हणाला,

"उखाणा घेतो साहेबांपुढे, सगळ्यांनी ऐका,
पुरे झाला माझाच आवाज, आता तू बोल, मालविका."

"मालविका," मी म्हणाले.

साहेबांनी शिक्का मारला. यमक तसं बरं आहे, असं केतकीही म्हणाली.

बाहेर रसवंतीपाशी सासूबाई थांबल्या. "उसाचा रस चालतो ना गं?"

"चालतो," मी म्हणाले. "बर्फ नको. आलं जास्त."