नेलिदाबाईंचा छळ

"उद्यापासून तुम्ही स्वयंपाकघरात बसायचं," मॅनेजर ताबोआदासाहेब म्हणाले. "टेबल हलवलंय."

रोसारिओ शहरातल्या या शेवयांच्या कंपनीत नेलिदाबाईंची उभी हयात गेली होती. त्यांना काढायचं तर घसघशीत भरपाई द्यावी लागणार. त्या आपणहून गेल्या तर मात्र दमडीही नाही. म्हणून आधी फोन गेला, मग धड खुर्ची गेली आणि आता बाईच ओट्याशेजारी गेल्या.

बाई रडतच मावसबहिणीकडे पोचल्या. ओफेलिया कामगारांचे खटले लढवणारी वकील.

"राजीनामा तोंडावर फेकते बघ त्याच्या!"

"खबरदार! हात हलवत घरी बसशील. छळून नोकरी सोडायला लावली, हे कोर्टात दाखवू. पण साक्षीदार हवेत. तुझे हाल चार लोकांनी बघायला हवेत ना!"

पण लोक स्वयंपाकघरात येणार कशाला? बाईंनी किटली चढवली. माते या तिकडच्या पाल्याच्या चहाच्या कडवट वासाने हिशेबनीस आधी आले, मग बाकीचे. भोपळ्याचा तुंबा एक, ओढायची नळी एक. बाई गरम पाणी ओतणार, एकाने ओढून परत दिला की पुढच्याची पाळी. फेरीबरोबर गप्पा आल्या, गप्पांबरोबर खारी बिस्किटं आली. मग लोक कामही तिथंच आणू लागले, आणि गिऱ्हाइकं थेट ओट्यापाशी उभी राहू लागली.

ओफेलियाने येऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "याला छळ म्हणतात होय गं? न्यायाधीश इथंच बदली मागेल!"

"मग काय करू?"

"काय करणार? मलाही ओत."

साहेब बाहेर आले तर टेबलांवर चिटपाखरू नाही. "कामं करा!" ते खेकसले.

"कामच चाललंय, साहेब," आतून उत्तर आलं. या, घ्या, असं मात्र कुणी म्हणालं नाही. साहेब खोलीत जाऊन एकटेच तुंबा ओढत बसले.

महिन्याभराने ओफेलियाचा फोन आला. "तुझी केस बुडाली, पण एक तगडी केस मिळालीय बघ! माणसाला ऑफिसात वाळीत टाकलंय. मातेची फेरी रोज रंगते, याला कुणी विचारत नाही. रडला गं माझ्यापुढे. आजच नोकरी सोडली म्हणे."

"अरेरे! कोण बिचारा?"

"तुमचे ताबोआदा."

नेलिदाबाईंनी किटली खाली ठेवली. "साक्षीदार आहेत का त्याच्याकडे?"

"एकच नाव दिलंय. तुझं."

बाईंना पहिल्यांदाच त्याची कीव आली. "येईन म्हणावं," त्या म्हणाल्या. "पण लवकर आटप हो. इथं फेरी थांबते."