रबराले विचारू दे

जानेफळच्या चौकात मेहकरची मोटर थांबली की उतारूंच्या आधी शामराव बापू पुढे होत. डायवरला रामराम नाही, क्लीनरकडे बघणं नाही. सरळ उकिडवे बसत, मागच्या टायरवर तळहात ठेवत, नाक लावून वास घेत आणि मग त्याला गाल टेकवून डोळे मिटत. नवखा प्रवासी घाबरे. "याईले फेफरं आलं काय?"

चौकातलं कोणीतरी सांगे, "नाही जी, चौकशी करून राह्यले."

कारण बापूंचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी घाई केली की हात वर करून म्हणत, "सबूर! रबराले विचारू दे."

बापू आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. माझं किराणा दुकान, त्यांची शेती. जमीन चांगली, बैलजोडी देखणी, घरात मात्र ते आणि सालदार गडी किसन, दोघंच. तेव्हा आमचा वऱ्हाड नागपूरच्या कारभारात होता. लढाई नुकतीच संपली होती आणि खामगावात फौजी लाऱ्यांचे झिजलेले टायर विकायला आले होते. ही बातमी कानावर पडली त्या दिवसापासून बापूंचं जेवणात लक्ष राहिलं नाही. बैलगाडीची लोखंडी धाव ठोकलेली लाकडी चाकं काढायची आणि मोटरचे टायर लावायचे, असं त्यांनी मनात घेतलं होतं. आमच्या भागात तशी गाडी तोवर कोणी पाहिली नव्हती.

टायर पारखायला त्यांनी मला सोबत नेलं. उपवर मुलगी पाहायला जावं तसं धुतलेलं धोतर, नवा फेटा. दुकानदार एकेक टायर पुढे लोटायचा आणि बापू त्याची कुळकथा विचारायचे.

"हे कोणत्या गाडीचं?"

"लारीचं."

"डायवर दारू पेत होता काय?"

"आता ते मले काय माहीत, बापू?"

"मंग माहीत करून ठेवा ना! हे टायर भेदरलेलं हाय. गाडी कुठंतरी कलंडली असन." दुसरं एक कोरं करकरीत होतं. ते बापूंनी बोटानं दाबून पाहिलं आणि नाक मुरडलं. "नवं टायर अकडते. जरा झिजलं की समजूतदार होते. माणसाचंही तसंच हाय."

पहिल्या खेपेला आम्ही रिकाम्या हातानं परतलो. दुसऱ्या खेपेला जोडी आणली. लोहारानं मोटरचा आस गाडीखाली बसवला, टायर चढले, आणि गावाला फुकटचा तमाशा मिळाला. बापू रिकाम्या गाडीत उताणे निजले, डोळे मिटले आणि किसनला म्हणाले, "हाक." भर दुपारी गाडी गावभर फिरली. खड्डा आला की आतून आरोळी यायची, "दुखलं!" पारावरच्या म्हाताऱ्यांनी कोण गेलं म्हणून टोप्या काढल्या.

"बापू, निजून काऊन राह्यले?" मी विचारलं.

"कापूस काय बसून जाते काय बे?"

ती जोडी त्यांना पसंत पडली नाही. फार ताठ, म्हणाले. बदलून दुसरी आणली. तिच्यात बाभळीचा काटा गेला, तर बापू दोन दिवस सुतक्यासारखे बसून राहिले, आणि मग तिसरी जोडी आली. तेव्हा कुठे निजल्या निजल्या बापूंचा आवाज बंद झाला. गाडी घरी आली तेव्हा ते खरोखरच झोपले होते.

आणि एवढं करून त्या गाडीत कापूस कधी भरलाच नाही. कापूस जुन्या गाडीतूनच खामगावला जाई. रबरी गाडी गोठ्यात गोधडी पांघरून उभी. पाटलांनी मुलाच्या लग्नाला मागितली, तर बापू म्हणाले, "वऱ्हाड पायी जाऊ द्या. देवानं पाय दिले हायेत." पाटलांशी त्यांचं बोलणंच तुटलं. गाव म्हणालं, म्हातारा एकटं राहून राहून बिघडला.

चैत्रात माझी बायको शांता अडली. रात्रभर कळा देऊन सकाळी सुईणीनं हात टेकले. "माह्या हातचं नाही आता. मेहकरच्या दवाखान्यात न्या." त्या दिवशी मोटर आलीच नव्हती. बापूंना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. जिथे पाटलांना नकार, तिथे माझी काय कथा? गाडी शोधायला दार उघडलं, तर दारातच रबरी गाडी उभी. बैल जुंपलेले, आत गुडघाभर कडबा, वर गादी. भिंतीपलीकडून त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"निजव तिले," बापू म्हणाले. "डोकं पुढं, पाय मांगं."

किसन हाकायला बसला. बापू बैलांच्या पुढे चालू लागले, एका हातात खराटा, दुसऱ्यात फावडं. काटे झाडत, दगड बाजूला सारत, खड्ड्यांत माती लोटत. शांताच्या उशाशी बसलेला मी ओरडलो, "बापू, वर बसा!"

"माह्या वजनानं टायर दबते," ते मागे न पाहता म्हणाले.

मेहकर येईपर्यंत ते बसले नाहीत.

दुपार कलता मुलगी झाली. मी धावत बाहेर आलो. बापू दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"बापू, मुलगी झाली!"

"ते राहू दे. शांता बोलते काय?"

"बोलते. पाणी मागितलं तिनं."

ते मटकन खाली बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुह्या काकूले याच रस्त्यानं आणली होती मी. तू लहान होता. लाकडी चाकं. सारखी म्हणे, हळू हाका, दुखते. मी म्हणो, आलं मेहकर, आलं. अन् हाकतच राह्यलो, वसंता. मेहकर आलं तवा ती बोलत नव्हती."

बापू उठले, फेटा सारखा केला आणि शांताच्या खोलीच्या खिडकीपाशी गेले. आत डोकावले नाहीत. गजाला धरून, जमिनीकडे पाहत त्यांनी विचारलं,

"पोरी, गाडी लय आदळली का वं?"

आतून शांताचा थकलेला आवाज आला, "नाही बापू. मले तं झोप लागली होती."

तिचा सबंध रस्ताभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. माझ्या मनगटावर तिच्या नखांचे वळ अजून लाल होते. मी बाहीचं बटण लावून घेतलं.

"झोप लागली होती," बापू हळूच स्वतःशी म्हणाले, आणि फेट्याचा शेव डोळ्यांवर धरून तिथेच, खिडकीखाली बसले.