मत दिलं न्हाई तुम्ही

कुसुमकाकूंनी गल्लीच्या ग्रुपवर पोल टाकला आणि तुम्ही सकाळी नऊ वाजेपर्यंत मत दिलं नाही, तर काकू तुमच्या दारात येतात. स्वतः! हातात फोन धरून कडी वाजवतात आणि म्हणतात, "मत दिलं न्हाई तुम्ही."

तुम्ही तोंडात ब्रश घेऊन उभे. आणि पोल काय? "आज नळ आला का?" पर्याय तीन: हाव, न्हाई, आला पर पिवळा. आता लातुरात नळ ही चेष्टेची गोष्ट नाही, आम्ही त्याची वाट पाहुण्यासारखी बघतो. पण तो रोज येत नाही आणि काकूंचा पोल मात्र रोज! "काकू, नळ कालच येऊन गेला ना," म्हटलं की, "मंग 'न्हाई' दाबा की! बोट झिजतंय का?"

दाबेपर्यंत उंबऱ्यावरून हलत नाहीत.

काकू आधी गंजगोलाईच्या बाजारात बांगड्या भरायच्या. त्यामुळं त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, मनगटं राहतात, बांगडीच्या मापासकट. मी सव्वादोन. शेजारच्या पाटलीणबाई पावणेतीन. पुरुषांना बायकोच्या मापानं ओळखतात. लिंबाजीअप्पांना भर रस्त्यात हाक मारतात, "ओ अडीच!" अप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, तरी अप्पा दरवेळी वळून बघतात.

आता माझं सांगते, कारण माझं पोट यावरच चालतं. मी दुकानांचं सोशल मीडिया बघते. रील, क्विझ, लाइव्ह, 'कमेंटमध्ये सांगा', सगळं! परवा एका साडीवाल्यासाठी 'मोरपंखी की राणी?' असा पोल टाकला. गाणं लावलं, काउंटडाउन लावला, जीव ओतला. मतं आली चार. एक माझं, एक मालकाचं, एक मालकाच्या मेव्हण्याचं आणि एक बहुतेक चुकून. आणि इकडं काकू! गाणं नाही, फोटो नाही, नुसतं "शेपू करू का मेथी?" आणि अख्खी गल्ली हजर!

मला राहवेना. गेले वही घेऊन.

"काकू, लोक तुम्हालाच मत कसं देतात?"

"न देऊन जातील कुठं?"

मी म्हटलं, थोडे इमोजी टाका, अजून रंगत येईल. तर म्हणाल्या, "त्ये डोळा मारणारं तोंड मी टाकणार न्हाई. या वयात लोक काय म्हणतील?"

मग धपाटं झालं. म्हणजे पाटलीणबाईंच्या नव्या सुनेनं काकूंकडं डब्यातून धपाटं पाठवलं, काकूंनी त्याचा फोटो काढला आणि पोल टाकला: "पावणेतीनच्या सुनेचं धपाटं कसं झालंय? पातळ. जाड. गोधडी."

दुपारपर्यंत गोधडी पुढं होती.

सून रडायला लागली. पाटलीणबाई तरातरा माझ्याकडं, कारण ग्रुपची अॅडमिन मी. "ग्रुप हाय का तमाशा? त्या बाईचं बंद कर आधी!" मागनं अजून चौघी-पाच जणी. मी सेटिंगमध्ये गेले, 'फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात' केलं. एक टॅप, खलास. खोटं कशाला बोलू, मोरपंखीची चार मतं आठवून मला थोडं बरंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी उठून फोन चाळते तोवर कडी वाजली. काकू. केस मोकळे, स्वेटर उलटा, धापा टाकत होत्या.

"चालू कर."

"काकू, पाटलीणबाई..."

"तिच्या सुनेची माफी मागून आले. तिच्यासमोर बसून दोन धपाटी खाल्ली. आता चालू कर."

"थोडे दिवस जाऊ द्या ना."

"थोडे दिवस? अगं सव्वादोन, अडीच उठलाय का न्हाई, मला कसं कळायचं?"

मला काही कळेना. काकू पायरीवर बसल्या, गुडघे चोळत. पहाटेपासून गल्लीत फिरून आल्या होत्या. एकेक बोट दुमडून मला मोजून दाखवलं, कोण कोण घरात एकटं राहतं. अप्पा एक, त्यांची पोरं पुण्याला. कोपऱ्यावरचे मास्तर दोन. असे सात.

"सात दारं वाजवून आले. गुडघे बोलायलेत. पोल असला की बसल्या जागी कळतं. ज्याचं बोट हललं, तो हाय. ज्याचं न्हाई हललं, त्याच्याकडं जायचं."

"मग माझ्याकडं कशाला येता? माझ्या घरात सहा माणसं आहेत!"

"फकस्त त्यांच्याकडंच गेले तर त्यांना कळंल की! म्हणतील, म्हाताऱ्यांवर पाळत ठेवली. सगळ्यांना बेजार केलं की कुणालाच वाईट वाटत न्हाई."

मीही पायरीवर टेकले.

काकू फोनच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिल्या. "जळकोटला आक्का होती माझी. थोरली. एकटीच राहायची. न्हाणीत पडली. मी तिला रोज सकाळी फूल धाडायची, गुड मॉर्निंगचं. त्या दिवशी बी धाडलं. दुसऱ्या दिवशी बी धाडलं, गुलाबाचं. खूण निळी झालीच न्हाई गं. मी बघितलंच न्हाई. धाडलं अन् भाजी आणायला गेले."

मी ग्रुप उघडला, सेटिंग होतं तसं केलं आणि काकूंनाच अॅडमिन करून टाकलं, म्हणजे उद्या माझ्यासारख्या एकटीच्याच हातात ते बटण नको.

त्यांनी तिथंच पायरीवर बसून पोल लिहिला, एका बोटानं, सावकाश. "आज थंडी लई हाय का? हाव. न्हाई."

मतं पडायला लागली. काकू मत बघतच नव्हत्या, नावं बघत होत्या. "अडीच आला... मास्तर आला..." दर नावागणिक खांदे थोडे खाली येत होते.

मी आपलं सवयीनं वर सरकवत जुने पोल बघत बसले. नळाचा, शेपूचा, धपाट्याचा. कोणकोण आहे. सगळे आहेत. काकूंचं नाव एकातही नाही.

"काकू, तुमचं मत कुठंय?"

"माझं कशाला? मी मोजणारी."

"सात म्हणालात ना. त्यात तुम्हाला धरलं का?"

काका गेल्यापासून काकूंच्या दोन खोल्यांत काकूच राहतात. हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. काकूंनी पुन्हा बोटं दुमडायला सुरुवात केली. अप्पा, मास्तर, गिरणीमागच्या आजी... सातव्यावर थांबल्या. आठवं बोट तसंच उभं राहिलं. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या, जणू दुसऱ्याच कुणाचं आहे.

मी फोन त्यांच्यापुढं धरला. "थंडी वाजते का काकू?"

इतका विचार त्यांनी शेपू-मेथीचासुद्धा केला नसेल. मग त्याच बोटानं त्यांनी हळूच 'हाव' दाबलं.