दातांचे डॉक्टर कॉम्प्युटर बसवतात

"माणूस कशाला हवाय? मी रोज लोकांच्या जबड्यात तारा बसवतो. त्या तरी ओल्या असतात, या कोरड्या आहेत," असं म्हणून दातांच्या डॉक्टरांनी नवा कॉम्प्युटर जोडून द्यायला आलेल्या दुकानाच्या माणसाला दारातूनच परत पाठवलं.

बायको गाणं शिकवायची. गळा अजून खणखणीत होता, पण गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून वर्गाचा जिना चढवेना. संध्याकाळी पहिला ऑनलाइन वर्ग होता. तो जमला तरच शिकवणी टिकणार होती.

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, हातमोजे चढवले आणि दिसेल ती तार दिसेल त्या भोकात बसवली. पडदा काळा ठिक्कर. शेवटी मुकाट्यानं मदतकेंद्राला फोन लावला.

"पाठीमागचं बटण दाबलंत का, सर?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

डॉक्टर वळले आणि पाठीमागच्या भिंतीवरचं बटण दाबलं. डोक्यावरचा पंखा सुटला. सूचनांचे कागद खोलीभर उडाले.

"दाबलं. वारा यायला लागलाय."

"म्हणजे मशीनचा पंखा सुरू झाला. छान. आता पडद्यावर काही हलतंय?"

"पडदाच हलतोय. खिडकीचा."

बाईंनी जपून विचारलं, "सर, घरात आणखी कोणी मोठं माणूस आहे का?"

डॉक्टरांनी फोन ठेवला. अपमानानं माणसाची नजर तीक्ष्ण होते. खोक्याच्या पाठीमागचं बटण त्यांना ताबडतोब सापडलं आणि पडदा उजळला. बायकोनं वर्ग उघडला. एकेक शिष्य दिसू लागला. तोंडं हलत होती, आवाज मात्र नाही.

"झालं. बुडाली शिकवणी," बायको खुर्चीतून उठत म्हणाली.

"तू पाणी पिऊन ये. तोवर निदान करतो."

डॉक्टर टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले. आपलं बोलणं पलीकडे व्यवस्थित पोहोचतंय, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. स्पीकरची पिन एका हातात, खोक्याची पाठ समोर. सवयीनं तोंडातून शब्द निघाले, "आ करा. अजून मोठा. जीभ खाली. घाबरायचं नाही, अजिबात दुखणार नाही."

शिष्यांना समोर रिकामी खुर्ची दिसत होती आणि आज्ञा ऐकू येत होती. ऑनलाइन असंच शिकवत असतील, असं समजून सगळ्यांनी जबडे वासले.

पिन खट्कन बसली. "आऽऽऽ" अशा मोकळ्या गळ्याच्या सुरानं खोली दणाणली. डॉक्टरांचं डोकं टेबलावर आपटलं. बायको पेला घेऊन धावत आली आणि दारातच थबकली.

"इतकी वर्षं सांगतेय, तोंड उघडून गा. एकानं कधी ऐकलं नाही. तुम्ही केलंत तरी काय?"

"त्यात काय," डॉक्टर टेंगूळ चोळत म्हणाले.

वर्ग असा रंगला की शिष्य उठेनात. डॉक्टर दारात हाताची घडी घालून, स्वतःच गायल्यासारखे मान डोलावत उभे होते. अखेर सगळ्यांचा निरोप घेऊन बायको समाधानानं म्हणाली, "जिंकलंत बाई तुम्ही. आता हा कॉम्प्युटर बंद करा."

डॉक्टरांनी खोक्याकडे पाहिलं, मग तारांच्या गुंत्याकडे पाहिलं.

"असू दे चालू. एकदा बसवलेलं लगेच हलवू नये," ते म्हणाले आणि हळूच पंखा बंद करून बाहेर सटकले.