आईच्या हातचे

कार्यक्रम आखावा तर मी. आमच्या ऑफिसात कोणाचा निरोप समारंभ असो की झेंडावंदन, सगळं माझ्याकडेच येतं, आणि चहा गार व्हायच्या आत कार्यक्रम आटोपलेला असतो. त्यामुळे २००३च्या फेब्रुवारीत आईला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा तिच्या स्मरणसभेला मी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

आई म्हणजे दीनाबाई रणदिवे. गिरडकडच्या एका खेड्यात मिशनचा लहानसा दवाखाना होता, तिथं तिनं एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. उरलेले सहा दिवस डॉक्टर, कंपाउंडर आणि गावाची पोलीस पाटील, सगळं तीच. रिटायर झाल्यावर बोरगाव मेघेला आमच्याकडे राहायला आली. माझ्या दोन्ही पोरी तिच्याच मांडीवर वाढल्या. आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी एका रविवारी चर्चमधून घरी येऊन जेवली, जरा पडते म्हणाली, आणि झोपेतच प्रभूकडे गेली. जातानाही कोणाची सुट्टी खर्च होऊ दिली नाही.

माझा आराखडा असा: शनिवार, सकाळी दहा ते पावणेअकरा, चर्चमध्ये. पाळकसाहेबांची प्रार्थना दहा मिनिटं, दोन गीतं, वीस मिनिटं माझं भाषण, मग नाश्ता. पन्नास खुर्च्या, साठ प्लेटा. भाषण फुलस्केपच्या अकरा कागदांवर, सुवाच्य अक्षरात.

नलू, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आईंच्या दवाखान्यातल्या लोकांना सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं. मी स्कूटर काढली आणि थेट शकुबाईचं घर गाठलं. शकुबाई दवाखान्यातली जुनी आया. कान बरेच गेलेले, आवाज मात्र शाबूत.

"मावशी, पुढच्या शनिवारी आईची स्मरणसभा आहे," मी ओरडून सांगितलं. "आईच्या हाताखालचे जे कोणी असतील त्यांना निरोप द्याजो."

"बाईच्या हातचे?"

"हो, हो."

"सगळ्याइले सांगू?"

"सगळ्यांना. कोणी राहायला नाही पाहिजे."

शकुबाईचा चेहरा उजळला. "लय होतीन बापा."

माझ्या हिशेबानं आईच्या हाताखालची हयात माणसं पाच. लय म्हणजे फार तर सात. "होऊ द्या," मी म्हणालो, "आपली तयारी आहे."

शनिवारी सकाळी मी खुर्च्यांच्या रांगा सरळ करत होतो, तेवढ्यात चर्चच्या फाटकातून एक ट्रॅक्टर आत आला. ट्रॉलीत तीसेक माणसं. त्याच्या मागून एक मेटॅडोर. तिच्या मागून दुसरा ट्रॅक्टर. पहिल्यातून एक मिशाळ, धिप्पाड माणूस उतरला, धोतर झटकलं आणि मला म्हणाला, "भाऊ, बाईच्या हातच्यायनं कुठं बसाचं?"

"कोणाच्या हातचे?"

"बाईनं जल्माले आणलेले. मी तानबा. एकसष्टचा."

त्या भागात 'बाईच्या हातचा' म्हणजे ज्याच्या आईचं बाळंतपण दीनाबाईनं केलं तो, हे मला त्या क्षणी कळलं. मी म्हणालो होतो 'हाताखालचे'. शकुबाईनं ऐकलं 'हातचे', आणि आठ दिवस आठ गावांत निरोप फिरत होता. ती स्वतः दुसऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या शेजारी राणीसारखी बसून आली. "पाहा," मला म्हणाली, "एक नाई सोडला."

दहा वाजता मी मोजायचं सोडून दिलं. शेवटचा आकडा तीनशे बारा होता, आणि समुद्रपूरकडची बस अजून यायची होती.

पाळकसाहेब दारात हरखून उभे. "रणदिवे, आपली मंडळी नाताळालाही एवढी येत नाही हो."

लोक रिकाम्या हातानं आले नव्हते. नारळ आले, झेंडूचे हार आले, गिरडच्या दर्ग्यातून कोणी साखर आणली. एका म्हातारीनं आईच्या फोटोपुढे डोकं टेकलं आणि काही कळायच्या आत फोटोच्या काचेवर ठसठशीत कुंकू लावलं. मी घाबरून पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "गीत सुरू करा."

आत जागाच उरली नाही म्हणून सभा बाहेर कडुलिंबाखाली हलवली. मी माईक हातात घेतला, कागद काढले.

"आमच्या आईचा स्वभाव अत्यंत शांत होता. तिनं कधी आवाज चढवलेला कोणी ऐकला नाही."

तीनशे माणसं हसली. अशी हसली की झाडावरचे कावळे उडाले.

सिंदी रेल्वे गावाहून आलेल्या एक बाई उठल्या. "भाऊ, माह्या बापाच्या कानाखाली वाजवलती बाईनं."

"काऊन?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"तिसरी पोरगी झाली म्हणून तो मायले तिथंच सोडून घरी चालला होता. बाईनं दारात धरला. म्हणे, आधी पोरीले हातात घे, मंग जाय कुठं जायचं त."

"मंग?"

"मंग काय. घेतलं. सोडलंच नाई मंग. तीच पोरगी मी. आता हेडमास्तरीण आहो."

टाळ्या पडल्या. मी कागद दोन काढला. त्यात 'आई स्वच्छतेची भोक्ती होती' असं होतं. त्यावर एकानं सांगितलं की बाईनं त्याच्या आख्ख्या गावाला विहीर उपसायला लावली आणि स्वतः काठावर छत्री घेऊन बसली. प्रत्येक वाक्याला कोणी ना कोणी उठत होतं. आईचा मुलगा मी, आणि आईची माहिती मलाच मिळत होती.

मग आला कागद तीन. 'दर नाताळला आई आम्हा मुलांसोबतच जेवत असे.'

हे खोटं होतं. बरं दिसेल म्हणून लिहिलं होतं. मी वाक्यावर अडलो, आणि का कोण जाणे, कागद खाली केला आणि खरं ते सांगितलं. मी आठ वर्षांचा होतो, आईचा मन्या. नाताळचं जेवण. कोंबडीचा रस्सा वाढून झाला होता, आई नुकतीच बसली होती, आणि बाळंतपणाचं बोलावणं घेऊन दाराशी बैलबंडी येऊन उभी राहिली. आईनं ताटावर ताट झाकलं आणि गेली. आली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. आणि खरं सांगायचं तर, ते मी चाळीस वर्षं मनात धरून होतो.

मग मघाचा धिप्पाड तानबा उभा राहिला.

"भाऊ, कोन्तं साल होतं?"

"एकसष्ट."

"मंग तो मीच." त्यानं हात जोडले. "माय सांगे, मले पयल्यांदा धरलं तवा बाईच्या हाताले रश्शाचा वास येत होता. माफी द्या भाऊ. तुमची नाताळ म्या नासोली."

एवढ्या मिशांचा माणूस, जन्माला आल्याबद्दल माझी माफी मागत होता. "अहो बसा," मी म्हणालो, "तुमचं काय चुकलं त्यात?"

तो बसेना. "पण बाई जेवली होती का मंग?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

"कोठची जेवते," मागून शकुबाई गरजली. तिला माईकची गरज नव्हती. "म्या होतो ना संग. दोन घोट चहा घेतला अन् पायीच निघाली. म्हणे, बंडी जुंपेपर्यंत थांबत नाई, माहा मन्या रुसला असंन."

पुढचे आठ कागद मी घडी करून खिशात ठेवले. दिसत नव्हतं काही. पाळकसाहेबांनी आपला रुमाल मला दिला, तो आधीच ओला होता.

पावणेअकराला संपायचा कार्यक्रम अडीचपर्यंत चालला. नाश्त्याचे भैयाजी साठ प्लेटा घेऊन भिंतीशी लपून बसले होते. पण ट्रॉलीत कणकेचं पोतं होतं, वांगी होती, तुरीची डाळ होती. बायांनी चर्चच्या मागे विटांच्या चुली मांडल्या, नलूनं पदर खोचला, आणि माझ्या पोरी पहिल्यांदाच तीनशे माणसांना वाढायला धावत सुटल्या. दर दहा पावलांवर कोणीतरी त्यांना थांबवून गालावरून हात फिरवायचं आणि म्हणायचं, बाईचं नाक घेतलं हिनं.

शेवटी फोटोग्राफर म्हणाला, रोलमध्ये एकच फोटो उरला आहे. तेवढी एक गोष्ट तरी आराखड्याप्रमाणे व्हावी म्हणून मी माईकवर जाहीर केलं, "आता फक्त घरची माणसं पुढे या."

सगळे आले.

आठ दिवसांनी फोटो धुऊन आला. मधोमध तानबा, हातात आईची तसबीर, काचेवर कुंकू. बाजूला नलू, पोरी, शकुबाई, हेडमास्तरीण, पाळकसाहेब, आणि कडुलिंबाच्या फांदीवरसुद्धा चार जण. तो आमच्या बैठकीत लावला आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, तुम्ही कुठं आहात? मी तानबाच्या मिशांच्या डावीकडे, मागे दिसणाऱ्या एका हाताच्या कोपरावर बोट ठेवतो. नलूच्या मते तो कोपरही नाश्त्याच्या भैयाजींचा आहे.